गाठ म्हणजे नॉट ना?

आमच्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये चार जण आहेत आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एक बॅकएंडवाला, म्हणजे पडद्यामागचा डेटा सांभाळणारा; एक फ्रंटएंडवाला, म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते करणारा. सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातल्या आमच्या खोलीत दोघांच्या खुर्च्यांत दीड हाताचं अंतर, पण निरोप सगळे माझ्यामार्फत.

"त्याला सांग, तारीख स्ट्रिंगमध्ये येतीय."

मी मान वळवून सांगतो.

"त्याला सांग बे, पहिल्या दिवसापासनं तशीच येतीय."

मी मान परत वळवतो. कागदोपत्री मी सीनियर डेव्हलपर, प्रत्यक्षात रुसलेल्या घरातली नणंद.

भांडणाचं मूळ कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्यात आहे. एकानं दुसऱ्याच्या कोडखाली "हे कुणी लिहिलंय?" एवढंच टाकलं होतं. वर नाव होतं. तेव्हापासून एकाचा कोड दुसऱ्याकडे तीन-तीन दिवस पडून राहतो. पुण्याच्या साहेबांच्या एक्सेलमध्ये अबोल्याला रकाना नाही. तिथं माणूस म्हणजे रोजचे आठ तास. आमच्या टेस्टर ताईंकडे चार दिवसांआड पाणी येतं, तेही नेमकं सकाळच्या मीटिंगच्या वेळेला. त्या हजर असतात, पण "काल काय केलं" हे आम्हाला बादल्यांच्या आवाजातून वेचून घ्यावं लागतं. त्यालाही रकाना नाही.

काम एका यंत्रमाग कारखानदाराचं, चादरी-टॉवेलच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर. द्यायची तारीख १५ जानेवारी. ही तारीख धरणाऱ्यानं सोलापूर नकाशावरच पाहिलं असणार. संक्रांतीला इथं सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा. आणि बॅकएंडवाला यात्रेतल्या त्या उंच, जड काठ्या, म्हणजे नंदीध्वज, पेलणाऱ्यांतला. त्या आठवड्यात तो कीबोर्डला हात लावेल, ही आशा फक्त एक्सेललाच होती.

डिसेंबरात साहेबांच्या लक्षात आलं की आपण तीन आठवडे मागे आहोत. त्यांनी तत्परतेनं आणखी चार माणसं दिली. "आता डबल स्पीड!"

आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम करताना फ्रेड ब्रूक्स या गृहस्थांनी हेच भोगलं होतं. रखडलेल्या सॉफ्टवेअरला आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं, असं त्यांनी १९७५ मध्ये लिहूनही ठेवलं. चार माणसांत बोलणाऱ्या जोड्या ६ होतात, आठ माणसांत २८. ब्रूक्ससाहेबांनी हे गणित बोलणाऱ्या माणसांचं मांडलं. न बोलणाऱ्यांचं माझ्याकडे आलं.

नवीन चौघं हुशार होती, तक्रार नाही. पण काम ज्यांना येत होतं ते आम्ही दोघं आता शिकवायला बसलो, म्हणजे होतं तेही काम थांबलं. नग, डझन आणि गाठ यांतला फरक मी चार वेळा समजावला. टॉवेलची गाठ म्हणजे बांधून रवाना करायचा मोठा गठ्ठा. पुण्याहून व्हिडिओवर असलेल्या पोरानं शांतपणे विचारलं, "गाठ म्हणजे नॉट ना?" मी हसलो. त्याला ते होकारार्थी वाटलं. दोन दिवसांनी डेटाबेसमध्ये 'नॉट काउंट' नावाचा कॉलम सापडला. तो काढायला आणखी दोन दिवस, कारण तोवर उरलेल्या तिघांनी त्यावर रिपोर्ट बांधले होते.

शेवटी बॅकएंडवाल्यानं मीटिंगमध्ये तोंड उघडलं. "सर, नंदीध्वज जड झाला म्हणून गर्दीतनं चार जण बोलवून काठीला लावत नाहीत. आधी सराव लागतोय."

साहेब म्हणाले, "व्हेरी नाइस. मग सरावाचं सेशन शुक्रवारी ठेवू या."

शुक्रवारी सेशन झालं. आठ जण, दीड तास. म्हणजे बारा तास गेले. हा हिशोब मी केला, एक्सेलनं नाही.

१५ तारीख अर्थातच हुकली. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे गड्ड्यावर होतो. बॅकएंडवाला पांढऱ्या बाराबंदीत, आपली पाळी संपवून घामानं निथळत बाजूला आला. फ्रंटएंडवाला बाटली घेऊन माझ्या शेजारीच उभा.

"त्याला विचार, पाणी पाहिजे का."

मी विचारलं.

"पाहिजे म्हणून सांग बे."

मी सांगितलं. बाटली माझ्या हातून गेली.