विमान तेच, फक्त दुसरं

वर्धापनदिनाच्या खास फ्लाइटचं तिकीट काढणाऱ्याला ‘कुठे चाललात?’ असं विचारू नये. तो कुठेच चाललेला नसतो. त्याला फक्त विमानात बसायचं असतं, तेही एका ठरावीकच. आमचं ठरावीक विमान म्हणजे एक बोईंग 737. विमानकंपनीच्या पन्नाशीनिमित्त ते सुरुवातीच्या काळातल्या रंगात रंगवलेलं होतं. शेपटीवर जुनं बोधचिन्ह, खिडक्यांच्या रांगेवरून गेलेला जाड पट्टा. असं विमान ताफ्यात एखादंच असतं. रंगकामासाठी ते कित्येक दिवस हँगरमध्ये उभं ठेवावं लागतं आणि उभं विमान म्हणजे नुसता खर्च. त्यामुळे गतकाळाचा उमाळा एका विमानावर आटोपतो. बरं, सत्कारमूर्ती म्हणून त्याला रजा नसते. रोजच्या फेऱ्या चुकत नाहीत.

घात तिथेच होतो. आदल्या रात्री मी कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारा फ्लाइट ट्रॅकर उघडून बसलो होतो. संध्याकाळी आमचं विमान भलत्याच शहरात उतरलं आणि तिथून हलेचना. टायर असेल तर लगेच बदलतील. पक्षी आदळला असेल तर मात्र इंजिनाची तपासणी आली, मग रात्र गेली. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले असतील तर विमान धडधाकट असूनही मुक्काम. घरातून आवाज आला, “तू जागा राहिलास म्हणून ते उडणार आहे का?” खरं तर याला उत्तर नव्हतं, पण मी जागाच राहिलो.

सकाळी गेटपाशी काचेपलीकडे एक पांढरंफटक 737 उभं होतं. काचेला नाकं लावून आम्ही पंधरावीस जण. कॅमेरे गळ्यात, हात खिशात. कोणीतरी रजिस्ट्रेशन, म्हणजे विमानावरचा नोंदणी क्रमांक, मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने खात्रीसाठी पुन्हा वाचलं. म्हणजे पंचाहत्तरी आजोबांची आणि खुर्चीत आणून बसवले शेजारचे काका! बाकीचे प्रवासी मात्र निवांत होते. त्यांना खरोखरच कुठेतरी जायचं होतं.

मी काउंटरवर गेलो.

“विमान बदललंय.”

“नाही सर, तेच आहे. 737च.”

“रजिस्ट्रेशन वेगळं आहे.”

“ऑपरेशनल कारण आहे सर. पण काळजी करू नका, उलट दहा मिनिटं आधी पोहोचाल.”

दहा मिनिटं आधी! म्हणजे हवं ते विमान नाहीच, आणि नको त्यातलीही दहा मिनिटं कापलेली.

भांडून उपयोग नसतो. तिकिटाच्या अटींमध्ये विमान कुठलं येईल याची हमी नसते. कंपनी प्रवास विकते, विमान नव्हे. पण जाहिरातीत फोटो अटींचा नव्हता, विमानाचा होता, हे कोणाला सांगायचं?

रांगेतल्या एका जाणकार काकांनी माझं सांत्वन करायला घेतलं. “अहो, 747 चा पहिला प्रवासी फेरा आठवा. जानेवारी 1970, न्यूयॉर्क ते लंडन, अमेरिकी विमानकंपनी पॅन अ‍ॅम. निघायच्या वेळी इंजिन तापलं, सगळ्यांना उतरवून दुसऱ्या 747 मध्ये बसवलं. संध्याकाळी सुटायचं विमान मध्यरात्र उलटून गेल्यावर सुटलं.” मग त्यांना आणखी चेव आला. “जेआरडी टाटांनी 1932 साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, वयाच्या 78 व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा केला तेव्हा विमान होतं लेपर्ड मॉथ! तिथेही बदललंच की.” माहिती अचूक होती. सांत्वन शून्य.

आत गेलो तर सीट नंबर तोच, पण या विमानातली आसनरचना वेगळी. काही 737 मध्ये पंखाच्या थोडं पुढे एका ओळीला खिडकीच नसते, कारण भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जाते. ती ओळ नेमकी माझी. जागा निवडताना मी इंजिन आणि पंखाचं टोक एकाच फ्रेममध्ये कसं येईल याचा अभ्यास केला होता. आता फ्रेममध्ये प्लॅस्टिक होतं.

उड्डाणानंतर प्रमाणपत्रं वाटली. सुबक छपाई, रंगवलेल्या विमानाचं चित्र आणि खाली ठसठशीत अक्षरांत त्याच विमानाचं रजिस्ट्रेशन. काकांनी ते पेनाने खोडलं, खरं रजिस्ट्रेशन लिहिलं आणि कॅप्टनची सही घ्यायला आत पाठवलं. कॅप्टनने दुरुस्तीपुढेही सही केली. त्या दिवशी आमचं म्हणणं कळलेला कंपनीतला तो एकमेव माणूस.

उतरल्यावर धावपट्टीवरून गेटकडे नेणाऱ्या टॅक्सी-वेवरून जाताना डावीकडचे सगळे एकदम ओरडले. मी डावीकडेच होतो, पण प्लॅस्टिकपाशी. शेजारच्याच्या मांडीवरून वाकून पाहिलं तर गेटवर आमचं विमान! पट्टा, बोधचिन्ह, सगळं जागच्या जागी. रात्री जिथे अडकलं होतं तिथूनच सकाळची नेहमीची फेरी करून ते आमच्याआधी येऊन उभं होतं.

त्या विमानाचे प्रवासी सामानाच्या पट्ट्यावर आमच्या शेजारीच भेटले. त्यांतले एक गृहस्थ बॅग ओढत फोनवर कोणाला तरी सांगत होते, “विमान ठीक होतं रे, पण काय जुनाट! एवढी मोठी कंपनी, जरा नवा रंग तरी द्यायचा!”