तुम्ही पेशंटच्या कोण?

आधीच सांगते, ही पोस्ट ज्याच्याविषयी आहे त्याने ती वाचली आहे. दोन परिच्छेद नको म्हणाला, ते काढले. बाकीचं त्याला विचारूनच टाकते आहे.

आम्ही दोघंही २६ वर्षांचे. तो लालबागचा, मी विक्रोळीची, कन्नमवार नगरची. कॉलेजात एकांकिकेच्या तालमीला भेटलो, त्याला आता पाच वर्षं होतील. त्याला बायपोलर आहे. म्हणजे काही आठवडे माणूस पार खचतो आणि कधीतरी त्याच्या उलट, जमिनीवर पायच ठरत नाहीत. मधले महिने तो तुमच्या-माझ्यासारखाच असतो. हे मधले महिने लोकांना माहीतच नसतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो तीन आठवडे चाळीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. माझे मेसेज वाचायचा, उत्तर नाही. त्याच्या आईने दृष्ट काढली, कुणीतरी सांगितलं म्हणून अंगारा आणला, आणि शेवटी एका डॉक्टरांकडे नेलं. पाच-सात मिनिटांत उदासीवरची गोळी मिळाली. ‘याआधी कधी उलटं झालंय का, झोप नसतानाही अंगात दहा माणसांचं बळ आल्यासारखं?’ हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी तो नाहीच म्हणाला असता, कारण ते दिवस त्याच्या लेखी आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. मला विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. मी बाहेर बाकड्यावर बसले होते.

कारण मी ते आदल्या वर्षीच्या गणपतीत पाहिलं होतं. लालबाग-परळमध्ये जो पोरगा चार-चार रात्री जागून डेकोरेशन करतो, त्याच्या पाठीवर थाप पडते. त्याच्याही पडली. पाचव्या रात्री साडेतीनला मला फोन आला. पुढच्या वर्षीचा देखावा त्याला म्हणे डोळ्यांसमोर दिसत होता. आवाज त्याचाच होता, पण एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू होत होतं, आणि मी ‘अरे, ऐक ना’ म्हटलं तर ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. विसर्जन झालं, सगळी पोरं दोन दिवस झोपून काढून कामाला लागली. हा जागाच. महिन्याभरात त्याने मोबाईलवरच्या ॲपमधून ६८ हजारांचं कर्ज काढून दोन जुने प्रोजेक्टर घेतले. घरच्यांना वाटलं, पोरगा धंद्याला लागला. मला भीती वाटत होती, पण तिला नाव काय द्यायचं ते कळत नव्हतं.

बायपोलर असलेल्या माणसाला नुसती उदासीवरची गोळी दिली तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं तेच झालं. अ‍ॅडमिट करावं लागलं. वॉर्डच्या दारात सिस्टरांनी विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

“मैत्रीण.”

“नातेवाईकांना पाठवा.”

सिस्टरांवर माझा राग नाही, त्यांना त्यांचे नियम होते. पण मग कोकणातून त्याच्या काकांना बोलावलं गेलं. वर्षातून एकदा भेटणारे काका. त्यांनी आत जाऊन सांगितलं, “पोरगा हुशार आहे हो, जरा कामाचं टेन्शन घेतलंय.” आणि ती साडेतीनची रात्र, ते कर्ज, तो आवाज, हे सगळं घेऊन मी जिन्यात उभी होते.

त्या दिवसांत माझ्या माणसांकडून मला सल्ले दोनच मिळाले. आईचा: “वाटोळं करून घेऊ नकोस, वेळीच बाजूला हो.” आणि मैत्रिणींचा: “तुझ्या प्रेमाने बरा होईल बघ तो.” खरं सांगू? दुसऱ्या सल्ल्याने मला जास्त छळलं. कारण मग तो पुन्हा आजारी पडला की वाटायचं, माझंच प्रेम कमी पडलं. कुणाला डायबेटिस झाला तर त्याच्या बायकोला आपण असं म्हणतो का? आणि तिसरा सल्ला त्याच्या घरून आला, ‘आधी लग्न उरकून घेऊ, मग सुधारेल’. हा तर कुणीच कुणाला देऊ नये. आजार लपवून लावलेलं लग्न पुढे कोर्टात रद्दही होऊ शकतं, पण ते राहू दे. ज्या मुलीला काहीच न सांगता त्या घरात आणाल, ती पहिल्या साडेतीनच्या फोनला काय करेल?

त्याला घरी आणल्यावर एका रात्री मला एकटीलाच सुचेना, तेव्हा १४४१६ला फोन केला. टेली-मानस, सरकारची मोफत हेल्पलाइन, २०२२पासून चोवीस तास चालू आहे. मी मराठीतच बोलले. पलीकडच्या बाईंनी त्याच्याविषयी विचारून झाल्यावर विचारलं, “तुम्ही जेवलात का?” मला रडू आलं. तोवर ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान माणूस स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकतो. साध्या कोऱ्या कागदावर लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा. प्रतिनिधी रक्ताचाच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तो सज्ञान हवा, ही जबाबदारी पार पाडण्याइतका सक्षम हवा आणि त्याने डॉक्टरांना लेखी संमती द्यायला हवी, बस. असं कुणी नेमलेलंच नसेल तर मग नातेवाईकांचा नंबर लागतो. निदान काय, उपचार काय चाललेत, हे विचारायचा हक्क त्या प्रतिनिधीला मिळतो. मी जिन्यात उभी होते त्या दिवशी हा कायदा होता. आम्हा दोघांना माहीत नव्हता, दारातल्या कुणी सांगितला नाही.

तो सावरल्यावर मी विषय काढला तर चिडला. “मी वेडा आहे असं लिहून देऊ?” दोन महिने मी पुन्हा बोलले नाही. मग एका रविवारी परळच्या हॉटेलात त्यानेच फुलस्केप काढला. त्याच्या अटी होत्या. वाटेल तेव्हा तो हे रद्द करणार (कायदाही तेच म्हणतो), आणि काहीही झालं तरी मी त्याचा फोन उघडून बघायचा नाही. दोन्ही मला मान्य होत्या. माझीही एक अट होती, ती कागदावर नाही: आजारात जे बोललास त्याची बरा झाल्यावर माफी मागायची. आजारामुळे बोललास हे मला समजतं, पण मला लागलेलंच असतं. तो मागतो. मागत नसता तर मी थांबले नसते, आणि ज्या मुली थांबत नाहीत त्यांना कुणी स्वार्थी म्हटलेलं मी ऐकून घेत नाही.

आता तो लिथियमवर आहे, म्हणजे हे दोन टोकांचे चढउतार आवरणाऱ्या गोळीवर. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची घ्यायच्या आधी. त्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकते. गोळीने त्याचे हात थोडे कापतात. लॅबबाहेरच्या टपरीवर तो कटिंगसुद्धा अर्धीच मागतो, सांडू नये म्हणून, आणि मग दुसरी अर्धी. टपरीवाले मामा आता न सांगता अर्धा ग्लास पुढे करतात. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, मीठ एकदम तोडलं की लिथियम रक्तात वाढतं, म्हणून निर्जळी उपास बंद. अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांनीही वाढतं. एकदा त्याच्या आईने पाठ दुखते म्हणून तसली गोळी दिली होती, तेव्हा उलट्या आणि थरथर घेऊन धावत जावं लागलं. त्या माउलीची चूक नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला मी त्या घरात कोण होते?

झोप मोडली की आजार डोकं वर काढतो, म्हणून गणपतीतलं जागरण संपलं. ते सोडताना तो जितका रडला तितका अ‍ॅडमिट असतानाही रडला नव्हता. मंडळाच्या अध्यक्षांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “सकाळची आरती आणि पावत्या तुझ्याकडे. साडेदहाला घरी जायचं, मी बघतो कोण थांबवतं ते.”

काल रात्री त्याच्या आईचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा, स्वतःहून. “अगं, त्याला कणकण आहे. कुठली गोळी देऊ? तू डॉक्टरांना विचारून सांगतेस का?”

विचारलं. सांगितलं. आज ताप उतरलाय.