अनारशाची जाळी नशिबानं पडत नाही
कौतुक झालं की आपण ते 'नशीब' म्हणून झटकतो, असं एका लेखात वाचलं. अगदी माझंच वर्णन! इंदूरला रामबागेत मी घरून दिवाळीचा फराळ करून देते. गेल्या वर्षी ४० किलोची ऑर्डर आली, तर मी चक्क त्या बाईंना दुसरीचाच नंबर दिला. सराफ्यासारखी खाऊगल्ली असलेल्या गावात माझ्या अनारशांचं काय एवढं, हा विचार! सासूबाई चिडल्या, "अगं, जाळी नशिबानं पडते का? तीन दिवस तांदूळ भिजवून रोज पाणी कोण बदलतं?" १९७८ मध्ये क्लान्स आणि आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी, आपलं यश आपलं नाहीच, आपण तोतया आहोत असं वाटण्याला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' नाव दिलं, हे नंतर कळलं. (सासूबाईंनी नावाशिवायच ओळखलं होतं.) यंदा किलोमागे ४० रुपये वाढवलेत. भाव सांगताना आवाज अजून कापतो, पण गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.