इमारत बांधून झाली. ती चालवणार कोण?

शहराचे अंदाजपत्रक जाहीर झाले की चर्चा होते ती नव्या कामांची. नवे ग्रंथालय, नवे सभागृह, ज्येष्ठ नागरिकांसाठी नवे विरंगुळा केंद्र. हा सगळा भांडवली खर्च. त्या ग्रंथालयाचे कुलूप रोज उघडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, विजेचे बिल, गळणाऱ्या छताची दुरुस्ती आणि नव्या पुस्तकांची खरेदी हे मात्र महसुली खर्चात येते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. एखादी महापालिका आपल्या नागरिकांच्या पाठीशी खरोखर किती उभी आहे, हे याच दुर्लक्षित रकान्यावरून कळते, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, हे अनेकांना ठाऊक असते. त्या देणगीमागची अट मात्र फारशी सांगितली जात नाही. जागा स्थानिक नगरपालिकेने द्यायची आणि बांधकामासाठी मिळालेल्या रकमेच्या साधारण १० टक्के इतकी तरतूद ग्रंथालय चालवण्यासाठी दरवर्षी स्वतःच्या करातून करायची, असा तो करार असे. काही गावांनी देणगीच नाकारली आणि हे कायमचे करओझे हे त्यामागचे एक कारण होते. मला ही अट अतिशय शहाणपणाची वाटते, कारण इमारत स्वीकारण्याआधीच ती चालवण्याची जबाबदारी गावाला मान्य करावी लागत होती. (याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील १८५० चा ग्रंथालय कायदा. त्याने नगरपालिकांना इमारत आणि कर्मचारी यांसाठी कर लावण्याची मुभा दिली, पण त्या पैशातून पुस्तके घेता येत नव्हती. ती सवलत १८५५ मध्ये मिळाली.)

अडचण अशी की भांडवली कामासाठी बहुतेक ठिकाणी कर्ज काढता येते, राज्याचा किंवा केंद्राचा निधी मिळतो, उद्घाटनही करता येते. रोजच्या खर्चासाठी यातले फारसे काही नसते आणि म्हणून हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. इंग्लंडमध्ये २०१० नंतर स्थानिक संस्थांच्या निधीत मोठी कपात झाली, तेव्हा अनेक ग्रंथालये बंद पडली आणि कित्येक स्वयंसेवकांच्या हाती सोपवली गेली. त्या स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, पण प्रशिक्षित ग्रंथपालाचे काम फावल्या वेळात होत नाही.

लोकसहभागाच्या अंदाजपत्रकाने, म्हणजे निधीचा काही भाग कुठे खर्च करायचा हे नागरिकांनीच ठरवण्याच्या पद्धतीने, हा प्रश्न सुटेल, असे काही मित्र म्हणतात. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये ती पद्धत सुरू केली आणि गरीब वस्त्यांपर्यंत पाणी व मलनिस्सारणाची कामे पोहोचवण्यात तिचा मोठा वाटा होता, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून नगरसेवकांच्या निधीतून राबवलेल्या प्रयोगात नागरिकांची मते प्रामुख्याने भांडवली कामांवरच घेतली गेली. उद्यान हवे की शाळेला संगणक हवेत, हे लोकांनी ठरवावे, इथपर्यंत ठीक आहे. पण उद्यानातला माळी किती वर्षे टिकेल, हा प्रश्न मतपत्रिकेवर येतच नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते छोट्या संस्थांचे. एकट्या वृद्धांना दिवसभर सोबत देणारे केंद्र, शाळा सुटलेल्या मुलांचा वर्ग, कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी समुपदेशन, अशी कामे महापालिका स्वतः करण्याऐवजी अनुदान देऊन स्थानिक संस्थांकडून करून घेते. यात गैर काहीच नाही. वस्तीतल्या माणसांना वस्ती अधिक कळते. पण अनुदान बहुधा एका वर्षाचे असते, भाडे, वीज, पगार अशा आस्थापना खर्चाला त्यातून बहुधा मनाई असते, हप्ता उशिरा येतो आणि अनेकदा संस्थेने आधी पदरचे पैसे घालून मग बिले सादर करायची असतात. ज्या संस्थेकडे राखीव गंगाजळी आहे ती तग धरते आणि जिच्याकडे फक्त दोन कार्यकर्त्या आणि भाड्याची खोली आहे ती कोलमडते. पगार थकला म्हणून समुपदेशक दुसरीकडे नोकरीला गेली, तर जी स्त्री कित्येक भेटींनंतर तिच्याशी मोकळेपणाने बोलू लागली होती, तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बहुतेक वेळा ती परत येतच नाही. हे नुकसान अनुदान कसे खर्च झाले हे सांगणाऱ्या कुठल्याही उपयोगिता प्रमाणपत्रात दिसत नाही.

सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे आणि लेखापरीक्षणाला माझा विरोध नाही. पण काही हजारांच्या अनुदानासाठी कोट्यवधींच्या निविदेइतकी कागदपत्रे मागण्याने भ्रष्टाचार थांबत नाही, फक्त लहान संस्था अर्ज करायचे थांबतात. अनुदान किमान तीन वर्षांसाठी मंजूर व्हावे, पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी मिळावा आणि भाडे, वीज व पगार यांचा त्यात उघडपणे समावेश असावा. तसेच अंदाजपत्रकात प्रत्येक नव्या इमारतीच्या नावापुढे ती चालवण्याचा वार्षिक खर्च आणि तो कोणत्या उत्पन्नातून भागवणार, हे छापणे बंधनकारक करावे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे सूचना पाठवायची असेल, तर यंदा नव्या कामाच्या मागणीऐवजी हीच मागणी लेखी द्यावी, अशी माझी विनंती आहे.