घरातली मराठी बंद करू नका, प्लीज

परवा आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमधली एक मैत्रीण लिफ्टपाशी अगदी रडवेली होऊन उभी होती. मुलगी अडीच वर्षांची, चार-पाच शब्दांच्या पुढे जात नाहीये, आणि प्लेस्कूलमध्ये सांगितलंय की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांमुळे ती कन्फ्यूज होतेय. माझ्या पोटात गोळाच आला, कारण हेच मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि मी ते निमूट ऐकलं होतं.

माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. ए टू झेड म्हणायचा, ट्वेंटीपर्यंत आकडे, सगळे रंग इंग्लिशमधून, आणि तहान लागली की माझं बोट धरून फिल्टरकडे ओढत न्यायचा. 'पाणी' नाही की 'आई' नाही. शाळेचं ऐकून चार महिने घरात इंग्लिश चालवलं. माझं इंग्लिश ऑफिसपुरतं, त्यात मुलाशी बोलून बोलणार काय, कम, सिट, ईट, नो. लाड करता येईनात की नीट रागावता येईना. आणि सासूबाई, दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या, पाटणकडच्या, तोंडाला क्षणाची उसंत नसलेल्या, त्या घरात गप्प झाल्या. चुकून मराठी निघेल या धास्तीने त्याच्या हातात मोबाईल देऊन बसायच्या. ते चार महिने मला आजही खुपतात.

शेवटी ठाण्याला एका स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, कान तपासलेत का? नव्हते तपासले. आवाज दिला की वळून बघतो म्हणजे ऐकू येतंय असं आम्ही धरून चाललेलो, पण सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. बेरा टेस्ट (कानाची, मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी) केली, नॉर्मल आली. मग त्यांनी विचारलं, घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं? मी म्हटलं, आजी, पण आता त्यांना बोलायला बंदी आहे. मॅडम म्हणाल्या, आधी ती बंदी उठवा. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही, ज्याला मुळातच अडचण आहे त्याची अडचणही त्याने वाढत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं आपण बघतो ना, तेही दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. बाहेर येऊन हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग बोलू व्हय मी आता?" मला तिथेच रडू आलं.

दुसरी गोष्ट जेवणाची. तोवर तो सगळं मिक्सरमधून काढलेलं खायचा, वरणात भाताचं एक शीत सापडलं तरी उबळ यायची. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास गाठीचं, कुस्करलेलं सुरू करायला हवं होतं, मी घाबरून केलंच नाही. पातळ नुसतं गिळलं जातं, चावायला जिभेने घास बाजूला दाढेखाली सरकवावा लागतो आणि ते सवयीनेच येतं. म्हणून मऊ शिजवलेल्या लाल भोपळ्याची बोटाएवढी फोड दाढेपाशी धरायची, त्याला चावू द्यायचं, जबरदस्ती नाही, मोबाईल नाही. उबळ आणि घास अडकणं हा फरकही तिथेच कळला, उबळीत मूल खोकतं, आवाज येतो, अडकलं की आवाजच बंद होतो, तिथे लगेच धावायचं. (आणि फुंकायच्या शिट्ट्या, गालाला लावायची व्हायब्रेटरं बोलणं येईल म्हणून विकत घेऊ नका. बोलणं बोलण्यानेच येतं.)

मॅडमनी आजींना एकच काम दिलं. भरवताना "हा चिऊचा घास, हा काऊचा घास" म्हणायचं आणि एक दिवस शेवटचा शब्द गाळून थांबायचं. मनात दहा मोजायचे, त्याच्याकडे बघायचं, आपण बोलायचं नाही. आजींना हे थांबणं फार जड गेलं! पंधरा-वीस दिवस काहीच नाही. मग एका दुपारी दूधभाकरीचा घास हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "हा चिऊचा...", आणि थांबल्या, आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "घाश."

मराठीत. आजीच्या ताटावर. आठवड्यातून दोनदा पंचेचाळीस मिनिटांच्या सेशनमध्ये हे झालंच नसतं, मॅडम स्वतःच म्हणायच्या की मी वाट दाखवणार, चालायचं घरी.

म्हणून प्लेस्कूलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, शंका आली तर पालकांना थेरपिस्टकडे पाठवा, घरातली भाषा बदलायला सांगू नका, तो तुमचा प्रांत नाही. आणि पालकांनो, 'मुलगे उशिरा बोलतात', 'याचा बाबापण तीन वर्षांनी बोलला' यावर महिने घालवू नका. थेरपिस्टकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर आहे ना ते विचारा, विचारायला लाजू नका. प्रायव्हेट परवडत नसेल तर बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, कानाची टेस्ट आणि थेरपी दोन्ही तिथे होतं.

मैत्रिणीला म्हटलंय, सोमवारी मी सुट्टी टाकते, सकाळी ऐरोलीहून ठाणे लोकल पकडू, ठाण्याहून दादर, तिथून बांद्रा. आणि तिच्या आईला आजच फोन करून सांग म्हटलं, नातीशी पोटभर मराठी बोला.