माझ्या वाट्याचा पाऊस

पाऊस फुकट पडतो, अशी ज्यांची समजूत अजून शाबूत आहे त्यांनी आमच्या गल्लीच्या बैठकीला एकदा बसून पाहावं. पडायचे पैसे लागत नाहीत, हे खरं. त्याला वाटेला लावायचे मात्र लागतात.

गल्लीत पाणी तुंबतं, जुनं पावसाळी गटार पुरत नाही, नवा मोठा पाइप हवा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. एवढं एकमत आमच्यात कधी होत नाही, आणि हेही खर्चाचा कागद हाती पडेपर्यंतच टिकलं. काही वाटा पालिकेचा, उरलेला घरमालकांचा, असं त्यावर लिहिलं होतं.

वरच्या अंगाचे काका ताडकन उठले. "माझ्या दारात पाणी थांबतच नाही. मी का म्हणून भरायचं?"

"थांबत नाही, कारण ते माझ्या घरात येतं, भावजी!" खालच्या अंगाच्या काकू म्हणाल्या.

"पाण्यावर काय माझं नाव लिहिलंय?"

माझं घर बरोबर मधे. काकांचं पाणी घ्यायचं, त्यात आपलं घालायचं आणि काकूंकडे रवाना करायचं, हा धंदा मी वर्षानुवर्षं दलाली न घेता करतोय. तरी दोघंही माझ्याकडेच रागाने बघत होते.

मग वाटणीचं सूत्र ठरवायला घेतलं. आधी घराच्या दर्शनी लांबीप्रमाणे आकारणी सुचली. कोपऱ्यावरच्या वहिनींना दोन रस्ते लागतात, म्हणजे बिल दोन्ही बाजूंचं. कालपर्यंत दोन्हीकडून मोकळी हवा म्हणून मिरवणाऱ्या वहिनी "ती बाजू तशी मागचीच आहे हो" म्हणू लागल्या. मग प्लॉटच्या क्षेत्रफळावर गाडी आली. त्याला मोठ्या बागेचे मालक आडवे आले : "माझी बाग पाणी पिते, सोडत नाही."

आणि गंमत म्हणजे त्यांचं बरोबर होतं. इंजिनिअर साहेबांनी समजावून सांगितलं, की वाहून येणारं पाणी काढताना पावसाचा जोर आणि क्षेत्रफळ यांना एका गुणांकाने गुणतात. डांबर-काँक्रीटला तो साधारण ०.७ ते ०.९५ धरतात, हिरवळीला माती आणि उतार बघून ०.०५ ते ०.३५. थोडक्यात, फरशी दोषी, गवत निर्दोष. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी छप्पर आणि पक्क्या अंगणाच्या मापाने पावसाच्या पाण्याचा वेगळा आकार घेतातच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये काही भागांना अशी आकारणी सक्तीची केली, तेव्हा विरोधकांनी तिला 'रेन टॅक्स' म्हणून झोडपलं आणि २०१५ मध्ये ती सक्ती उठली. काकांना यातलं काहीही ठाऊक नसताना ते बाकावर हात आपटून ओरडले, "उद्या पावसावर पट्टी बसवाल!" प्रतिभा सगळीकडे सारखीच असते.

तर पक्क्या जागेवर शिक्कामोर्तब झालं. मोजणी विमानातून काढलेल्या फोटोवरून. माझ्या खात्यात छप्पर आलं, गाडीची जागा आली, आणि मागच्या अंगणात वाळत टाकलेली ताडपत्रीही आली. ती 'पक्कं बांधकाम' नाही असा अर्ज केला, तर उत्तर आलं, "फोटोत दिसते आहे." ताडपत्री घडी करून सोबत घेऊन गेलो. ती पुरावा म्हणून चालत नाही म्हणे, कारण घडी केल्यावर क्षेत्रफळ कळत नाही.

त्या कागदाने माझी झोप उडवली ती वेगळ्याच कारणाने. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझं छप्पर शंभर चौरस मीटर. पन्नास मिलिमीटर पडला की पाच हजार लिटर! छप्पर पाण्यापासून वाचवतं, असं समजून मी आजवर त्याखाली निर्धास्त झोपत होतो. ते तर वर कारखाना चालवत होतं.

काटकसरीची सूचना अर्थातच आली : "पाइप निम्म्या व्यासाचा घ्या, निम्म्यात काम होईल." साहेब शांतपणे म्हणाले, "त्याच उतारावर निम्म्या व्यासाचा पाइप जेमतेम एक षष्ठांश पाणी नेतो. आणि खोदाई, मधल्या केबली हलवणं, रस्ता पुन्हा करणं, हा खर्च काही निम्मा होत नाही." सूचना करणारे गृहस्थ मग चहाचं काय झालं ते बघायला गेले.

शेवटचा वाद पावसाच्या मापाचा. पाइप दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी आखलाय, हे ऐकून काका खुलले. "तो गेल्या वर्षी येऊन गेला की! आता नऊ वर्षं निवांत."

"तसं नसतं, काका. दर वर्षी दहा टक्के शक्यता. दहा वर्षांत निदान एकदा यायची शक्यता पासष्ट टक्के."

"आणि त्याहून मोठा आला तर?"

"तर तुंबेल."

"पैसे भरूनही?"

"भरूनही."

हा खरेपणा साहेबांना सह्या घेण्याआधी सुचायला नको होता. सह्या पुढच्या बैठकीवर गेल्या. त्या बैठकीत काकूंनी दाराशी खुर्ची टाकली आणि सही केल्याशिवाय कुणाला बाहेर सोडलं नाही. हप्ते पडले. गाळ कोण काढणार, याला मात्र त्या कागदावर रकानाच नाही.

काकांनी आता अंगणातलं काँक्रीट फोडून गवत लावायला घेतलंय. फेरमोजणीचा अर्जही तयार आहे. फोडलेल्या काँक्रीटचा ढीग त्यांनी व्यवस्थित रचून ठेवलाय, नव्या चेंबरच्या जाळीवर.