‘महागडे पिस्तूल कधी अडकत नाही’ या दाव्याविषयी

निफाड, दिंडोरी आणि सिन्नर भागातील बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो पाच जणांकडून आला. त्याचा आशय असा: द्राक्षाची रोकड घेऊन फिरणाऱ्याने आणि मळ्यात राहणाऱ्याने छोटे पिस्तूल बाळगावे, पण घ्यायचे तर परदेशी आणि महागडेच घ्यावे, कारण ते कधी अडकत नाही, त्याची गोळी जोरात लागते, नेम चुकत नाही आणि त्याची किंमतही वाढत जाते, सरकारी कारखान्याचे स्वस्त पिस्तूल मात्र ऐन वेळी दगा देते. मी सोळा वर्षे बत्तीस बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) पिस्तुलाचा परवानाधारक आहे. हा मजकूर वाचून माझ्या परिचयातील दोघे जमिनीचा तुकडा विकण्याच्या गोष्टी करू लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मुळात ही तुलनाच आपल्याकडची नाही. स्वस्त की महाग हा वाद अमेरिकेतल्या व्हिडिओंमधून आलेला आहे आणि तिथे तो नऊ एमएमच्या दोन नव्या पिस्तुलांमध्ये असतो. आपल्याकडे नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे आणि सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. परवाना शहरात पोलीस आयुक्तालयातून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळवला, तरी हाती उरतात ती मुख्यतः बत्तीस बोअरचीच शस्त्रे. त्यांत एकीकडे देशात बनलेले नवे पिस्तूल असते, तर दुसरीकडे कित्येक वर्षांपूर्वी देशात आलेले आणि एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे रीतसर नोंदीने जात राहिलेले जुने परदेशी पिस्तूल. म्हणजे आपल्याकडची निवड स्वस्त आणि महाग यांतली नसून नवे आणि जुने यांतली आहे, आणि नेमकी हीच गोष्ट त्या मजकुरात कुठेही नाही.

मग जुने इतके महाग का, याचे उत्तर कारागिरीत नाही. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून शस्त्र आणणे बंद झाले. नेमबाजी खेळाडूंना तेवढी सवलत राहिली. त्यामुळे त्याआधी आलेली पिस्तुले जेवढी होती तेवढीच राहिली आणि मागणी मात्र वाढत गेली. जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचे पीपी हे पिस्तूल 1929 सालचे आणि पीपीके 1931 सालचे. त्यांची मूळ घडण उत्तम होती, त्यांचा चाप आपल्या सरकारी कारखान्यांच्या पिस्तुलांपेक्षा मऊ चालतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण आज त्यांच्यासाठी जे अनेक लाख मोजले जातात, त्यांतला मोठा वाटा टंचाईचा आहे. टंचाईमुळे नळी नवी होत नाही आणि स्प्रिंगचा ताणही परत येत नाही.

आता ‘कधी अडकत नाही’ या वाक्याकडे येतो, कारण सर्वांत घातक वाक्य तेच आहे. माझ्या मामेभावाने तीन वर्षांपूर्वी असेच एक जुने परदेशी पिस्तूल घेतले. स्लाइडवरचा, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या भागावरचा, निळसर मुलामा आरशासारखा होता आणि विकणाऱ्याने ते मखमली डबीतून काढून दिले होते. आम्ही दोघे रेंजवर गेलो. पहिल्या दोन गोळ्या नीट गेल्या आणि तिसऱ्या वेळी स्लाइड अर्ध्यावरच थांबली. मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, बाहेर काढून पाहिले, तेव्हा वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकलेली होती, त्यामुळे ते पुढे सरकायलाच तयार नव्हते. बत्तीस पिस्तुलाच्या काडतुसाची बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. भरताना काडतुसे एकावर एक नीट बसली नाहीत, तर हा प्रकार कोणत्याही किमतीच्या पिस्तुलात होतो. आम्ही ती मोकळी करून काळजीपूर्वक पुन्हा भरली. तेव्हा पाचव्या वेळी वेगळाच दोष दिसला: मॅगझीनची स्प्रिंग इतकी थकलेली होती की काडतूस वेळेत वर येतच नव्हते, आणि मॅगझीनच्या तोंडाशी एका बाजूचा पत्रा नखभर वाकलेला होता. बाहेरून हे काहीही दिसत नव्हते. पिस्तूल अडकण्याची नेहमीची कारणे हीच आहेत: मॅगझीन, स्प्रिंग, जुनी किंवा दमट काडतुसे, साचलेला मळ आणि झाडताना सैल सोडलेले मनगट. यांतले एकही कारण किमतीने दूर होत नाही. आपल्याकडे तर इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या पिस्तुलाला महिन्याभरात गंज धरतो, मग ते कुठल्याही देशाचे असो.

गोळी जोरात लागते हा दावा तर हिशेबातही टिकत नाही. बत्तीसचे हे काडतूस 1899 सालचे, जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे. त्याची नेहमीची गोळी सुमारे साडेचार ग्रॅमची असते. जोर दारू आणि नळीची लांबी ठरवते, नळीवर कोणाचे नाव कोरले आहे ते नाही. जाता जाता, मळ्यात बिबट्यासाठी म्हणून पिस्तूल मागणाऱ्यांना सांगायला हवे की ही गोळी त्या कामाची नाही, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे.

नेमाबद्दल. छोट्या पिस्तुलात नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी असते. हे अंतर शंभर मिलिमीटर धरले आणि माशी एका मिलिमीटरने हलली, तर सात मीटरवर गोळी सत्तर मिलिमीटर बाजूला जाते. अंतर दीडशे असेल तर तीच चूक सत्तेचाळीसच्या आसपास राहते. म्हणजे पिस्तूल जितके छोटे, तितका हात तयार हवा. हात तयार करायला काडतुसे लागतात, ती परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच मिळतात आणि स्वस्तही नसतात. पिस्तुलावर चार लाख जास्त घालून वर्षाला दहा गोळ्याही न झाडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

सरकारी माल दगा देतो, हे सरसकट विधानही मला मान्य नाही. आयुध कारखान्यांचे अशनी पिस्तूल वर्षानुवर्षे वापरणारे माझ्या ओळखीत आहेत; त्याचा चाप जड आहे, काम खडबडीत आहे, पण सुटे भाग आणि मॅगझीन मिळते. पिस्तूलच हवे असा हट्ट नसेल तर रिव्हॉल्व्हरही पाहावे. कानपूरचे टायटॅनियम मिश्रधातूचे निर्भीक 2014 साली सुमारे एक लाख बावीस हजारांना आले होते, आणि 2023 साली तिथलेच प्रबल आले. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझीनच नसते, त्यामुळे वर सांगितलेले दोन्ही दोष तिथे उद्भवतच नाहीत. 22 सप्टेंबर 2025पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला आहे, हे मात्र नवे शस्त्र घेताना धरावे लागेल.

किंमत वाढते, म्हणून ही गुंतवणूक आहे, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि मुलाला स्वतःचा परवाना मिळाला नाही तर ते पिस्तूल त्याच्याकडे राहू शकत नाही.

त्याच मजकुराखाली एकाने ‘मग गावठी काय वाईट’ असे लिहिले होते. विनापरवाना शस्त्राला त्याच दुरुस्तीने दोन ते पाच वर्षांची कैद ठेवली आहे, आणि साध्या पाइपची नळी हातातच फुटू शकते. ती निवड यादीत धरूच नये.

जुने पिस्तूलच घ्यायचे ठरले असेल, तर पैसे देण्याआधी ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी, मॅगझीन काढून त्याच्या तोंडाचा पत्रा उजेडात पाहावा, नळीत खड्डे आहेत का हे तपासावे आणि शक्य असेल तर जाणत्या माणसासमोर किमान वीस गोळ्या झाडून पाहाव्यात. मामेभावाने यांतले काहीच केले नव्हते. त्या नमुन्याचे दुसरे मॅगझीन आम्ही तीन वर्षे शोधतो आहोत आणि अजून मिळालेले नाही. दरम्यान दोन निवडणुकांच्या आचारसंहितेत ते पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झाले आणि परत आले, तेवढाच काय तो त्याचा प्रवास.